फ्लामेंकोत आधी गळा, मग पाय

फ्लामेंको म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती झालरींच्या लाल झग्यातली बाई. केसात फूल, बोटांत वाजणारे लाकडी करताल, टाचांचा धडाका. हिंदी सिनेमाने आपल्याला स्पेनची सहल घडवली तेव्हाही साधारण हेच दाखवलं. चित्र खोटं नाही, पण उलटं टांगलेलं आहे. हे सगळं जिथे जन्मलं त्या आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या दक्षिणेकडच्या प्रांतात, जाणकार माणूस फ्लामेंको पाहायला कमी आणि ऐकायला जास्त जातो. तिथला मानाचा क्रम ठरलेला आहे: आधी कान्ते म्हणजे गाणं, मग तोके म्हणजे गिटार, आणि मग बाइले म्हणजे नाच. गिटार गाण्याला साथ करते, नाच गाण्याला उत्तर देतो. हा क्रम डोक्यात बसला की रंगमंचावर काय चाललंय ते उलगडायला लागतं. नाही बसला तर दीड तास नुसता खडखडाट.

आणि ते करताल? ते मुळात स्पेनच्या लोकनृत्यांतले आणि 'बोलेरा' नावाच्या दरबारी-नाटकी नृत्यशैलीतले. फ्लामेंकोत ते अधूनमधून दिसतात, पण अस्सल मैफलीत हात मोकळे असतात, कारण टाळ्या आणि चुटक्या वाजवायच्या असतात. करताल वाजवणारी स्पॅनिश सुंदरी जगभर पोचवण्यात एका फ्रेंच संगीतकाराचा हात मोठा आहे. बिझेचा 'कार्मेन' हा ऑपेरा 1875 साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आला आणि ती प्रतिमा कायमची चिकटली.

गाण्याकडे वळू. पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. कमावलेला, गोल, गोड आवाज इथे असला तर चालतो, पण तो कुणी मागत नाही. घोगरा, चिरका, खरवडल्यासारखा गळा मात्र मान मिळवून जातो. एकोणिसाव्या शतकात एल फियो नावाचा गायक होऊन गेला. त्याच्यावरून अशा गळ्याला आजही 'आफिया' आवाज म्हणतात. गायक एकदम शब्दांवर येत नाही. आधी नुसताच 'आय…' असा लांब सूर लावतो. त्यात गळा तापतो, गिटारीशी सूर जुळतो आणि समोरच्यांनाही कळतं की आता काय यायचं आहे. मग कडवं येतं, तेही जेमतेम तीन-चार ओळींचं. पण एकेक अक्षर ओढून, त्याच्यावर बारीक हरकती घेत, मधेच तोडून, पुन्हा मागे येऊन गायक तेवढ्या ओळींना सहज मिनिटभर पुरवतो.

ही कडवी सुटी असतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. एकाच गाण्यात गायक पहिलं कडवं आईच्या मरणाचं घेईल, दुसरं फसवून गेलेल्या बाईचं आणि तिसरं गावातल्या कुठल्याशा गल्लीचं. त्यांत सलग गोष्ट शोधायला जाऊ नये. त्याच्याकडे कडव्यांचा साठा असतो, त्यातून त्या रात्री, त्या श्रोत्यांसमोर जे सुचेल ते निघतं. विषय बहुतेक जगण्याच्या खालच्या थरातले: तुरुंग, इस्पितळ, भूक, आई, मरण, सोडून गेलेलं माणूस. मधेच एखादी चावट थट्टा. हेरेस गावच्या आनिका ला पिरिन्याका या वृद्ध गायिकेचं एक वाक्य फ्लामेंकोच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. मनासारखं गाणं झालं, की माझ्या तोंडात रक्ताची चव येते, असं ती म्हणायची.

'फ्लामेंको गाणं' असा एकच प्रकार नाही. प्रकारांना पालो म्हणतात आणि मोजायला बसलं तर ते पन्नासाच्या वर जातात. प्रत्येक पालोची लय वेगळी, चाल वेगळी, स्वभाव वेगळा आणि बऱ्याचदा गावही वेगळं. सोलेआ गंभीर आणि भारदस्त. सेवियामधली त्रियाना पेठ, उत्रेरा, आल्काला ही तिची माहेरघरं. बुलेरिया हेरेसची, वेगवान आणि खोडकर. आलेग्रियास कादिस या बंदराची, खुली आणि समुद्राच्या वाऱ्यासारखी. फांदांगो उएल्वाकडचे. तारांता आणि मिनेरा ही खाणकामगारांची गाणी, आल्मेरिया आणि मुर्सियाकडच्या खाणींतली. मार्तिनेते लोहाराच्या भात्याशी जोडलेलं. त्याला गिटारही नसते, फार तर ऐरणीवर हातोड्याचा ठोका. आणि सिगिरिया हे सगळ्यांत काळोखं.

या पालोंना उभं धरणारी गोष्ट म्हणजे कोम्पास. कोम्पास म्हणजे तालाचं आवर्तन. आपल्याकडच्या श्रोत्याला आवर्तन नवं नाही, त्यामुळे युरोपातल्या पर्यटकापेक्षा आपलं काम थोडं सोपं आहे, आणि एका ठिकाणी अवघडही. सोलेआचं आवर्तन बारा मात्रांचं. ते असं मोजा, आणि तीन, सहा, आठ, दहा आणि बारा या अंकांवर टाळी द्या:

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा.

दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघा. पहिला अर्धा भाग तीन-तीनच्या पावलांनी चालतो आणि दुसरा अर्धा दोन-दोनच्या. आवर्तनाच्या मध्यावर चालच बदलते, म्हणून ते कधी सपाट वाटत नाही. एकतालही बारा मात्रांचाच, पण त्याचे सहा विभाग सारखे, आणि आपला कान समेची, म्हणजे एकची, वाट बघत असतो. इथे अडचण होते. सोलेआत एकवर काहीच घडत नाही. तीनवर गिटार ताण वाढवते आणि दहावर तो सुटतो. नाचणारा तोडा संपवतो तो दहावर. गिटारवाला तुकडा मिटवतो तोही दहावर. अकरा-बारा हा श्वास घ्यायचा अवकाश. 'समेवर येणं' इथे दहावर येणं असतं. एवढं एक कळलं तरी लोक दाद देताना नेमके कुठे 'ओले!' ओरडतात त्याचा उलगडा होतो.

बुलेरियाचा सांगाडा जवळपास हाच, फक्त वेग दुप्पट-तिप्पट, आणि मोजणी बहुधा बारापासून सुरू करतात. सिगिरियात त्याच बारा मात्रा दुसऱ्या ठिकाणाहून पकडतात, त्यामुळे पाच ठोके पडतात पण असमान अंतरांनी: दोन, दोन, तीन, तीन, दोन. ऐकताना वाटतं की चालता चालता कुणाचा तरी पाय अडखळतोय. तांगोस मात्र सरळ चार मात्रांचे (अर्जेंटिनातल्या जोडीने नाचायच्या टँगोशी यांचा गोंधळ करू नये). आणि मालागेन्या, तारांता, ग्रानाइना हे पालो तालाशिवाय, गायकाच्या मर्जीने चालतात. गिटार त्याच्या मागे मागे जाते.

ठेका धरायला तबला-पखवाजासारखं वाद्य इथे परंपरेने नव्हतंच. काम भागायचं ते टाळ्यांवर. टाळ्यांना पाल्मास म्हणतात आणि तो एक स्वतंत्र हुन्नर आहे. बोटं दुसऱ्या तळव्यावर आपटली की खणखणीत आवाज. दोन्ही तळवे खोलगट करून मिटले की दबका. गायक शब्दांवर असेल तेव्हा दबक्या टाळ्या, नाचाचा जोर चढला की खणखणीत. दोन टाळीवाले असतील तर एक मात्रेवर वाजवतो आणि दुसरा बरोबर दोन मात्रांच्या मध्ये. ऐकणाऱ्याला दोन माणसं वेगळी ऐकूच येत नाहीत, एखादं यंत्र चालू असल्यासारखं वाटतं. प्रेक्षकांनी उत्साहात टाळ्या धरू नयेत अशी जी अपेक्षा असते ती यासाठीच. चुकीच्या जागी पडलेली एक टाळी सगळ्यांना टोचते. आज ज्याच्यावर बसून वाजवतात ती लाकडी पेटी, काखोन, ती तर पेरूमधली. पाको दे लुसिया हा गिटारवादक 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात पेरूच्या दौऱ्यावर गेला, तिथे ती ऐकली आणि सोबत घेऊन आला. आता ती नसलेला ताफा शोधावा लागतो.

गिटारही वेगळी असते. ती परंपरेने सायप्रसच्या लाकडाची, वजनाला हलकी, तारा लाकडाला अगदी लगटून, त्यामुळे आवाज कोरडा आणि टणक. पुढच्या बाजूला एक पातळ पट्टी चिकटवलेली, कारण वादक वाजवता वाजवता बोटाने लाकडावर ठोके देतो. चारही बोटं एकामागून एक पंख्यासारखी उलगडत सगळ्या तारांवरून नेणं ही तिची खूण. मानेवर एक चाप लावलेला असतो. तो गायकाच्या पट्टीसाठी. गायकाने गिटारीकडे यायचं नसतं, गिटारीने गायकाकडे जायचं असतं.

सुरांचं थोडं सांगतो, कारण इथे आपल्या कानाला ओळखीचं काही भेटतं. सोलेआ, सिगिरिया, बुलेरिया यांची स्वररचना म्हणजे रे, ग, ध, नि कोमल. म्हणजे आपला भैरवी थाट. कोमल रिषभावरून षड्जावर उतरणं हा त्यातला कळीचा क्षण. सोलेआच्या दहाव्या मात्रेवर गिटार नेमकं तेच करते. फरक असा की शेवटी विसावताना गिटार शुद्ध गंधार घेते, गायक मात्र कोमल गंधाराभोवती घुटमळतो, आणि त्या दोघांच्या घासण्यातून तो फ्लामेंकोचा झोंबरा रंग येतो. पण भैरवी ऐकू आली म्हणून नातं जुळवायची घाई नको. असे स्वर तुर्की, अरबी, ग्रीक संगीतातही जागोजागी सापडतात.

नात्याचा विषय निघालाच आहे, तर तो नीट बघू. 'फ्लामेंको भारतातून गेलं, ते कथकचंच रूप' असं एक वाक्य आपल्याकडे फार फिरतं. त्यात अर्धं खरं आहे. फ्लामेंकोच्या घडणीत ज्यांचा वाटा सगळ्यांत मोठा ते हितानो, म्हणजे स्पेनमधले रोमा लोक. रोमांचे पूर्वज साधारण हजारेक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले हे भाषेच्या अभ्यासाने पक्कं झालं आहे. त्यांच्या भाषेत पाणी म्हणजे 'पानी', आणि स्पेनमधल्या हितानोंच्या कालो बोलीत दुःखांना 'दुकेलास' म्हणतात. गाण्यांत हा शब्द वारंवार येतो. इथपर्यंत सगळं खरं.

पुढचं मात्र जुळत नाही. रोमा इराण, आर्मेनिया, ग्रीस, बाल्कन असे शतकानुशतकं थांबत थांबत पश्चिमेला गेले. स्पेनमधली त्यांची पहिली नोंद 1425 सालची, आरागोनच्या राजाने दिलेल्या परवान्याची. फ्लामेंको भारतातून गाठोड्यात बांधून नेलं असतं, तर ते हंगेरीतल्या, रुमानियातल्या, सर्बियातल्या रोमांकडेही दिसायला हवं होतं. तिथे ते नाही. त्यांचं संगीत त्या त्या मुलखाचं आहे. फ्लामेंको फक्त आंदालुसियात घडलं. आणि कथकचं म्हणाल, तर आज आपण ओळखतो ते दरबारी कथक रोमा निघून गेल्यावर कितीतरी शतकांनी आकाराला आलं. कथक आणि फ्लामेंकोच्या जुगलबंद्या आता जगभर होतात आणि त्यातल्या काही उत्तमही असतात. पण ती दोन सज्ञान कलांची आजची ओळख आहे, हरवलेल्या बहिणींची भेट नव्हे. पायांनी ताल बोलता येतो हे माणसांना एकापेक्षा जास्त ठिकाणी सुचू शकतं.

मग आंदालुसियात असं काय होतं? गर्दी होती. 1492 साली ग्रानादाचं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं. पुढच्या शतकभरात बाटवून ख्रिस्ती केलेले मुसलमान म्हणजे मोरिस्को तिथेच दबून राहिले, आणि 1609 ते 1614 या काळात त्यांना देशाबाहेर घालवलं. सेविया आणि कादिस ही अमेरिकेच्या व्यापाराची बंदरं होती, तिथे गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक मोठ्या संख्येने राहत. जहाजांबरोबर क्युबा-मेक्सिकोकडचे नाच आणि ठेके येत आणि बदलून परत जात. या सगळ्यांबरोबर तिथलीच गरीब शेतमजूर जनता आणि तिची फांदांगोसारखी लोकगीतं. आणि हितानो. ते लोहारकी, घोडे-खेचरांचा व्यापार आणि लग्नकार्यात गाणं-नाचणं करून पोट भरत.

हितानोंना हे सुखाने करू दिलं असं नाही. 1499 पासून स्पेनच्या राजांनी त्यांच्याविरुद्ध फर्मानांमागून फर्मानं काढली: एका जागी राहा, भाषा सोडा, पोशाख सोडा, एकत्र जमू नका. 30 जुलै 1749 या दिवशी तर देशभर एकाच वेळी धाड घालून हितानोंना कुटुंबंच्या कुटुंबं पकडलं. आकडे 9 ते 12 हजारांच्या दरम्यान दिले जातात. पुरुषांना नौदलाच्या गोद्यांत सक्तमजुरी, बायका-मुलं वेगळ्या ठिकाणी डांबलेली. हेतू असा की पुढची पिढीच होऊ नये. सुटका पूर्ण व्हायला पंधराहून अधिक वर्षं गेली. फ्लामेंकोत तुरुंगाची गाणी इतकी का, आणि साधी साधी माणसं त्यांत आईच्या नावाने आक्रोश का करतात, हे विचारायची गरज उरत नाही. 1976 साली मारियो माया या नर्तकाने 'कामेलामोस नाकेरार' म्हणजे 'आम्हाला बोलायचं आहे' हा प्रयोग केला, तेव्हा हीच जुनी फर्मानं रंगमंचावर आणून त्यांच्यावर नाच बसवला होता.

तरी फ्लामेंको फक्त हितानोंचं म्हणणंही बरोबर नाही. या वादात तिथे पिढ्या गेल्या आहेत. आंतोनियो माइरेना या थोर हितानो गायकाने 1960च्या दशकात अस्सल ते सगळं हितानोंच्या घरात जपलं गेलं अशी बाजू जोरात मांडली, आणि त्यामुळे विस्मरणात गेलेली कितीतरी जुनी गाणी परत उजेडात आली. पण सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती, आंतोनियो चाकोन, एन्रिके मोरेन्ते, खुद्द पाको दे लुसिया हे कुणी हितानो नव्हते. त्यांना वजा केलं तर फ्लामेंकोची मोठी पडझड होते. मला विचाराल तर घराण्यांच्या घरात जे मुरलं ते हितानोंचं, आणि ते लोकांसमोर उभं राहिलं ते सगळ्यांच्या मेहनतीने.

लोकांसमोर ते आलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. काफे कान्तान्ते, म्हणजे गाण्याचे काफे, निघाले. खाली टेबलं आणि दारू, एका टोकाला मंच, त्यावर गायक, गिटारवाला, नाचणाऱ्या बायका. सिल्वेरियोने सेवियात स्वतःचा असा काफे 1881 साली काढला. त्याच वर्षी आंतोनियो माचादो इ आल्वारेस या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने फ्लामेंकोच्या कडव्यांचा पहिला मोठा संग्रह छापला, आणि त्यात रडगाणंही गायलं की हे काफे आता खऱ्या गाण्याला मारून टाकणार. प्रत्यक्षात उलट झालं. रोज रात्री पैसे देऊन ऐकणारे लोक मिळाल्यावर गायकांनी पालो घासूनपुसून घडवले, गिटारवाले तयार झाले, नाचाला क्रम आला. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो तिचा बराचसा साचा त्या धुराने भरलेल्या काफेंतला आहे.

फ्लामेंको मरतंय ही हाकाटी ही सुद्धा तिथली एक जुनी परंपराच. 1922च्या जून महिन्यात ग्रानादात, आल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्याच्या आवारात, संगीतकार मानुएल दे फाया आणि तेव्हा विशीत असलेला कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी कान्ते होन्दो म्हणजे 'खोल गाण्या'ची स्पर्धा भरवली. हेतू हाच की बाजारू झालेल्या गाण्यातून अस्सल गाणं वाचवायचं, म्हणून नावाजलेल्या व्यावसायिकांना भाग घ्यायला बंदी. बक्षीस मिळालं दोघांना: 'एल तेनासास' नावाचा सत्तरी गाठलेला म्हातारा, जो पुएन्ते हेनिलहून पायी चालत आला अशी आख्यायिका आहे, आणि जेमतेम 12 वर्षांचा मानोलो काराकोल. हाच काराकोल मोठेपणी लोला फ्लोरेस या गायिका-नर्तिकेबरोबर झगमगीत रंजनाचे खेळ करून देशभर गाजला. वाचवायला निघालेल्यांनी निवडलेला मुलगा बाजाराचा सर्वांत मोठा तारा झाला, आणि गाणंही उत्तमच गायचा!

नंतरचा काळ भराभर सांगता येईल. 1920च्या दशकात नाट्यगृहांतल्या या खेळांना 'ऑपेरा' म्हटलं की कर कमी बसायचा, म्हणून ते 'फ्लामेंको ऑपेरा' झाले. फ्रांकोच्या हुकूमशाहीने पर्यटनासाठी ठिपक्यांच्या झग्यांचं पोस्टर पुढे केलं. 1950च्या दशकात ताब्लाओ म्हणजे जेवण-दारूसह खेळ दाखवणारी ठिकाणं निघाली. माद्रिदचं 'कोर्राल दे ला मोरेरिया' 1956 पासून चालू आहे. पण त्याच हुकूमशाहीत मानुएल हेरेनासारखे गायक शेतमजुरांच्या हक्कांची कडवी गायचे आणि त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी यायची. मग कामारोन आला. कामारोन दे ला इस्ला हा सान फेर्नान्दोचा हितानो, लोहाराच्या घरातला. पाको दे लुसियाच्या साथीने त्याने जुनं गाणं नव्या पिढीच्या कानात घातलं, आणि 1979 साली एक अशी तबकडी काढली की जुने श्रोते बिथरले. तिच्यात ड्रम, इलेक्ट्रिक बास आणि एका गाण्यात चक्क सतार आहे. वाजवणारा सेवियाचा ग्वाल्बेर्तो. सुरुवातीला ती फारशी खपली नाही. आज तिच्याशिवाय फ्लामेंकोचा इतिहास लिहिता येत नाही. 16 नोव्हेंबर 2010 रोजी युनेस्कोने फ्लामेंकोला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आणि 2018 मध्ये कातालोनियाची रोसालिया फ्लामेंको आणि पॉप एकत्र करून जगभर गाजली, तेव्हा 'हितानोंचं घेऊन हितानो नसलेली बाई मोठी झाली' हा जुना वाद नव्याने पेटला.

आता नाच. एखादा आलेग्रियास जवळून बघू, कारण सगळं सांगितलेलं तिथे एकत्र येतं. गिटारवाला लय मांडतो. गायक 'तिरिती त्रान त्रान त्रान' अशा निरर्थक बोलांनी गाण्यात शिरतो. कादिसच्या गाण्याची ती ओळखच आहे. बाई आत येते, पण लगेच पाय झाडत नाही. काही आवर्तनं ती फक्त चालते, हात वर जातात, मनगटं फिरतात. मग अचानक एक जोरकस तुकडा: पायांचे चार-सहा ठोके आणि झटक्यात थांबणं. याला यामादा म्हणतात, म्हणजे हाक. ती हाक गायकासाठी असते: मी तयार आहे, कडवं घे. गायक कडवं सुरू करतो आणि तिचे पाय जवळजवळ गप्प होतात. गाण्यावर पाय वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणं. ती अंगाने लय धरून राहते, ओळ संपली की तेवढ्या फटीत एक छोटा तोडा टाकते, पुन्हा शांत. कडवं संपल्यावर मोठा तोडा आणि थांबा.

मधेच गिटार लय एकदम संथ करते, सूर उदास होतो, गाणं बंद. या भागाला सिलेन्सियो म्हणतात, आणि इथे बाईचे हात आणि पाठ काय करतात ते बघायचं. लांब शेपटीचा झगा असेल तर तो पायाने उचलून फेकणं इथलंच काम. खांद्यावर चीनहून मनिलामार्गे आलेल्या परंपरेतली भरतकामाची शाल असेल तर तीही. त्यानंतर एस्कोबिया, पायांचा भाग. बुटांच्या चवड्याला आणि टाचेला खिळे मारलेले असतात. लय हळू सुरू होते आणि तीच ती वाढवत नेते. गिटारवाल्याची नजर तिच्या पायांवरून हलत नाही. शेवटी सगळे मिळून बुलेरियात उडी मारतात आणि बाई नाचत नाचतच आत जाते. आणि खरी गंमत ही की बऱ्याच ताब्लाओंत या कलाकारांनी एकत्र सराव केलेलाच नसतो. हाक, कडवं, तोडा, थांबा हे सगळ्यांना ठाऊक असतं, बाकी त्या रात्री तिथल्या तिथे ठरतं. बाजूला बसलेले 'ओले', 'बामोस', 'एसो एस' म्हणतात ती दाद असते आणि इशाराही.

दुएन्दे हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला. लोर्काने 1933 साली बुएनोस आइरेसमध्ये दिलेल्या व्याख्यानाने तो जगभर झाला: कलावंताच्या आतून, जणू मातीतून वर चढणारी एक काळी शक्ती. त्यात त्याने पास्तोरा पावोन, म्हणजे 'निन्या दे लोस पेइनेस' या महान गायिकेची गोष्ट सांगितली. कादिसच्या एका गुत्त्यात ती सुंदर गायली, लोक ढिम्म. मग तिने कडक दारूचा पेला घशाखाली ओतला आणि गळा फाटेस्तोवर गायली, तेव्हा माणसं पेटली. गोष्ट झकास आहे. पण हल्ली दुएन्दे प्रत्येक पर्यटन-पत्रकावर छापलेलं असतं, आणि कलाकार आपसात बोलताना हा शब्द क्वचितच काढतात. त्यांची मोजपट्टी जास्त रोखठोक: अमका तालात आहे, तमका तालातून गेला. तालातून जाण्यासारखी दुसरी नाचक्की नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? पाको दे लुसियाचं 1973 मधलं 'एन्त्रे दोस आग्वास' बहुतेकांना आधी भेटतं. ते रुम्बा या पालोतलं आहे, गोड आहे, पण त्यात गाणं नाही, म्हणून तिथे अडकू नका. तांगोसपासून सुरू करा. चार मात्रा, डोकं आपोआप हलतं. मग आलेग्रियास. मग फेर्नान्दा दे उत्रेरा हिची सोलेआ लावा आणि वरची बारा मात्रांची मोजणी तिच्यावर बसवून बघा. फेर्नान्दाचा गळा फाटका आहे आणि सोलेआ गाणाऱ्या बायकांत तिच्या वर कुणाला बसवत नाहीत. बुलेरियात पहिल्यांदा मोजणी हमखास सुटेल, सुटू द्या. टाळीवाल्यांच्या दबक्या टाळ्या पकडल्या की पुन्हा सापडते. सिगिरिया सगळ्यांत शेवटी, आणि शक्यतो एका बैठकीत एकच.